पट 31 वरून 29 झाला. अनुदान निम्म्याहूनही कमी का?

प्रश्न (वस्तीवरील पालक):
आमच्या वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा पट 31 होता, तो आता 29 झाला आहे. एवढ्यावरून समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान 25 हजारांवरून 10 हजारांवर येईल, असे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत समजले. दोन मुले कमी झाली म्हणून वीजबिल किंवा गळणाऱ्या छताच्या डागडुजीचा खर्च तर उतरत नाही. मग हा हिशेब मांडतात तरी कसा?

निवृत्त मुख्याध्यापक:
आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. 30 पर्यंत पट असल्यास 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार आणि त्यापुढे 1 लाख असे टप्पे आहेत, आणि त्यातलाही किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखावा लागतो. पट एकेकाने घटतो, रक्कम मात्र टप्प्यावर एकदम कोसळते. मी स्वतः अशा शाळेत असताना खडूपासून नळाच्या तोटीपर्यंत बरेच काही पदरचे पैसे घालून आणले आहे.

हिशेबनीस:
थोडी उलट बाजू मांडतो. आपल्या शाळेला मुलामागे सुमारे 345 रुपये पडतात, तर हजार मुलांच्या शाळेला अवघे 75. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावे लागत असल्याने वेतनाचा खर्चही मुलामागे लहान शाळेतच जास्त दिसतो. 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय आणि 2023 मधील समूह शाळांचा, म्हणजे जवळजवळच्या लहान शाळा एकत्र करण्याचा, विचार यांमागे हाच भागाकार होता. माझ्या मते चूक भाजकात आहे, कारण छप्पर, वीज आणि पाणी हा शाळेचा खर्च असून तो मुलांच्या संख्येने भागून काहीच कळत नाही. प्रत्येक शाळेला ठरावीक मूळ रक्कम आणि तिच्यावर मुलामागे थोडी भर, अशी रचना असती, तर दोन मुलांपायी 15 हजार गेले नसते.

शिक्षिका, ऊसतोड कामगारांचा भाग:
पट 30 सप्टेंबरचा धरतात, हेही ध्यानात घ्यावे. आमच्याकडील मुले त्यानंतर आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात. ती जिथे पोहोचतात, तिथल्या शाळेच्या आकड्यात त्या वर्षी येतच नाहीत.

वस्तीवरील पालक:
आभारी आहे. आमच्या वस्तीवरून तीन मुले इंग्रजी माध्यमाच्या गाडीने तालुक्याला जातात. पुढच्या 30 सप्टेंबरच्या आत त्या घरी जाऊन बोलायचे समितीने ठरवले आहे.