हाय पार्कच्या बाजूला कुत्र्यासकट भाड्याचं घर

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं सध्या टोरंटोजवळ मिसिसागाला ओळखीच्यांकडे उतरलोय. नोकरी टोरंटोच्या डाउनटाउनला. आमचा गुंड्या पुढच्या महिन्यात पुण्याहून येतोय. साधा देशी कुत्रा, 18 किलो, रेबीजचं सर्टिफिकेट वगैरे सगळं तयार. घर तेवढं मिळत नाहीये. लिबर्टी व्हिलेजला फुटपाथवर माणसांपेक्षा कुत्रीच जास्त दिसतात, म्हणून तिथले कॉन्डो, म्हणजे इमारतीतले एकेका मालकाचे फ्लॅट, बघितले. एका एजंटने आधी गुंड्याची जात विचारली. ‘देशी’ म्हटल्यावर बराच वेळ फोनमध्ये शोधत बसला, मग म्हणाला ओनर नको म्हणतोय. दुसऱ्याने गुंड्याचे वेगळे 500 डॉलर डिपॉझिट मागितले.

हाय पार्क किंवा रॉन्सेसव्हॅल्सकडे काही जमेल का? आणि कुत्रा आहे हे आधी सांगायचं की नाही, यावर घरात रोज वाद चाललाय.

केतकी

---

केतकी, अजिबात सांगू नकोस. ऑन्टारियोच्या 2006 च्या भाडेकरू कायद्याचं कलम 14 वाच. लीजमध्ये ‘नो पेट्स’ लिहिलेलं असलं तरी ती अट रद्दबातल. सही कर, किल्ली घे, गुंड्याला घेऊन जा. मालक बघत बसेल.

ते 500 डॉलर तर मुळीच देऊ नकोस. इथे मालकाला शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, फार तर किल्लीचं परत मिळणारं डिपॉझिट. बाकी सगळं बेकायदा.

निखिल

---

निखिल, कलम बरोबर सांगितलंस, पण अर्धंच. माझा एक कॉन्डो भाड्याने दिलेला आहे, तेव्हा आता शत्रुपक्षाचंही ऐक.

कॉन्डोचा मालक मी असलो तरी इमारतीचं डिक्लरेशन, म्हणजे सगळ्या फ्लॅटमालकांना बांधणारा मूळ कागद, माझ्या डोक्यावर बसलेलं असतं, आणि ते भाडेकरूलाही लागू होतं. त्यात प्राण्यांना बंदी किंवा वजनाची मर्यादा असू शकते. आमच्याकडे 25 पौंड आहे. गुंड्या भरतो जवळजवळ 40. तिथे तुझं कलम 14 आड येत नाही. मॅनेजमेंटचं पत्र मला येणार, मी ते भाडेकरूला देणार, आणि दोघांची झोप उडणार. 40 पौंडांचा कुत्रा लिफ्टमध्ये कोटाखाली लपवून नेता येत नाही रे. म्हणून केतकी, कॉन्डोसाठी ऑफर देण्याआधी एजंटकडून डिक्लरेशन आणि रूल्स दोन्ही मागून घे. टाळाटाळ केली तर ते घर सोडून दे.

आणखी एक. आपली पुष्कळ मंडळी सुरुवातीला कुणाच्या तरी घरात खोली घेतात. मालकाशी किंवा त्याच्या घरच्यांशी स्वयंपाकघर नाहीतर बाथरूम सामाईक असेल, तर हा कायदाच लागू होत नाही. मग मालक म्हणेल ती पूर्व.

सही होण्याआधी मालक कुत्र्याच्या कारणावरून नाही म्हणू शकतो, हे खरं आहे. तरी माझं मत, आधीच सांगा. माझ्या भाडेकरूने लपवलं असतं तर पुढे नळ गळत असल्याचा त्याचा फोनही मी संशयानेच घेतला असता.

अरविंदकाका

---

केतकी, काकांच्या बाजूने माझं एक मत. पण तू कॉन्डोच्या मागे लागलीयस कशाला?

हाय पार्क स्टेशनच्या उत्तरेला, क्वेबेक अव्हेन्यूच्या आसपास साठ-सत्तरच्या दशकातले उंच टॉवर आहेत. त्यातले बरेच भाड्यासाठीच बांधलेले, सगळी इमारत एकाच कंपनीची. असे टॉवर कॉन्डो नाहीत, म्हणजे डिक्लरेशनची भानगड नाही (काही कॉन्डोही आहेत, विचारून घे). शिवाय 15 नोव्हेंबर 2018 च्या आधीपासून माणसं राहतायत, त्यामुळे दरवर्षीची भाडेवाढ सहसा सरकारी मर्यादेत राहते. नव्या कोऱ्या कॉन्डोंना ते संरक्षण नाही. स्वयंपाकघरं जुनाट आहेत, भिंतींतून शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो. पण खोल्या मोठ्या, आणि पार्कात कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा चालत जाण्यासारखी.

एजंट नको, सरळ इमारतीच्या रेंटल ऑफिसात जा. आम्ही आमच्या चंपीचा लग्नाच्या मुलीसारखा बायोडेटा केला होता: फोटो, लसी, नसबंदी, आधीच्या घरमालकाचं पत्र. ऑफिसातली बाई हसली, पण फाइलला लावून घेतला. कुत्रा चालेल हे ईमेलवर लेखी घे. नंतर भुंकण्याने शेजारी हैराण झाले तर मात्र मालक घरमालक-भाडेकरूंचे वाद सोडवणाऱ्या ट्रायब्युनलकडे जाऊ शकतो, तेव्हा पहिले काही दिवस एकाने घरून काम करा.

आल्यावर शहराचं लायसन्स काढायचं, ते सक्तीचं आहे. आणि पुण्याच्या पंजांना इथलं बर्फ वितळवायला फुटपाथवर टाकलेलं मीठ झोंबतं. चंपी पहिल्या हिवाळ्यात चार पावलांवर एक पाय वर धरून उभी राहायची. बूट आत्ताच घेऊन ठेव, डिसेंबरात मापाचे मिळत नाहीत.

मुग्धा

---

मुग्धाताई, काका, खूप आभार. निखिल, तुझेही, त्या 500 डॉलरवाल्याला काल नाही कळवलं.

शनिवारी क्वेबेक अव्हेन्यूला जातोय. ताई, तिथल्या इमारतींत खालचे मजले मिळतात का? गुंड्या आजवर लिफ्टमध्ये चढलेला नाही.

केतकी

---

मिळतात, पण लवकर जातात. दुसरा-तिसरा मजला हवा असं अर्जातच लिही. आणि शनिवारी अकराला स्टेशनवर ये, चंपीला घेऊन मीही येते.

मुग्धा