सड्यावरची कातळशिल्पं आणि शांपोलियों यांची रीत

राजापूरकर: कोकणातल्या बारसूच्या सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावर कोरलेली चित्रं, इजिप्तची चित्रलिपी उलगडणारे फ्रेंच अभ्यासक शांपोलियों यांच्या रीतीने वाचता येतील का? त्यांनी १८२२ साली नेमकं केलं काय?

लिपीवेडा: आधी नावं पकडली. इजिप्तमधल्या रोझेटा शिळेवर एकच मजकूर चित्रलिपीत आणि ओळखीच्या ग्रीकमध्येही आहे; तिथे लंबगोल चौकटीत ‘प्तोलमिस’ हे राजाचं नाव, तर फिले बेटावरच्या स्तंभावर ‘क्लेओपात्रा’ हे राणीचं. ‘ल’ ध्वनीसाठीचं सिंहाचं चिन्ह पहिल्या नावात चौथं, दुसऱ्यात दुसरं. जुळलं! अडतं ‘त’पाशी: एकीकडे पावाचं (ब्रेडचं) चित्र, दुसरीकडे हाताचं. एका ध्वनीला दोन चिन्हं असू शकतात, हे मानलं तरच पुढे सरकता येतं. आणि प्राण्यांची तोंडं जिकडे, तिकडून वाचायचं.

मालवणकर: मोजणी विसरू नका. शिळेवर ग्रीक शब्द ४८६, चित्रचिन्हं १,४१९. म्हणजे एक चिन्ह म्हणजे एक शब्द नव्हे.

लिपीवेडा: राजापूरकर, सड्यावर ओळीने मांडलेली चिन्हं नाहीत, शेजारी ओळखीच्या लिपीतला मजकूरही नाही. तिथे ही रीत चालणार नाही.