गेममधल्या माणसांच्या बोलण्यातून अडलेली वाट कशी सुटली? (अनुभव धागा)

परवा भाच्याला पोकेमॉन फायररेड खेळताना पाहिलं. समोरचा बोलायला लागला की हा ए-बटण धडाधड दाबतो, अन् अडला की यूट्यूब. आमच्या वेळी गावात नेट नव्हतं. जे कळायचं ते गेममधल्या माणसांकडूनच, तेही इंग्रजीत. तुमचेही किस्से टाका. सुरुवात माझ्यापासून.

फायररेडमधल्या सॅफ्रन शहराच्या वेशीवर पहारेकरी. रस्ता बंद, पण बोलता बोलता म्हणतो, तहान लागली. दादा नागपूरला होस्टेलवर, १९९६ चा जुना पोकेमॉन गेम खेळलेला. फोनवर म्हणाला, सेलाडॉनच्या दुकानाच्या गच्चीवर मशीन आहे, २०० ची पाण्याची बाटली घेऊन जा. गेलो. पहारेकरी ढिम्म. (माझा गेम २००४ चा, त्यात हे बदललेलं.) आजी मागे तूर निवडत होती.
"काय म्हन्ते थो?"
"तहान लागली म्हन्ते. पान्यानं भागत नाही."
"मंग चहा पाज. उभ्यानं पाहारा देनारा मानूस पान्यावर हटते काय?"
सेलाडॉनच्या एका इमारतीत तळमजल्यावर म्हातारी होती, तिच्याशी मी कधी बोललोच नव्हतो. तिनं खरंच चहा दिला, अन् तेवढ्यात लाइन गेली. सेव्ह केलं नव्हतं.

आर्वीचा पोट्टा:
सेरुलियनच्या दुकानात सायकल दहा लाखाची. खिशात जास्तीत जास्त मावतात ९,९९,९९९. हे मला लढाया मारमारून पैसे जमवताना कळलं. सायकलचं कूपन होतं व्हर्मिलियनच्या फॅन क्लबच्या अध्यक्षाकडे. तो विचारतो, माझ्या रॅपिडॅशबद्दल (घोड्यासारखा पोकेमॉन) ऐकतोस का? मी दर वेळी 'नाही' दाबून सटकायचो. शंकरपटातल्या जोडीचं कौतुक सांगणारे आमचे मामाजी असेच, त्यांनाही मी टाळतो.

पानठेल्यावरून:
सगळेच कामाचं बोलतात असं नाही भाऊ. पॅलेट गावातला तो जाड्या 'टेक्नॉलॉजी लय भारी' यापलीकडे जात नाही.

दारव्ह्याहून:
माझं इंग्रजी सातवीचं. फ्यूशिया शहरात सफारी झोनचा (जंगली पोकेमॉन पकडायची जागा) वॉर्डन भेटला. म्हणाला, "हिफ फफ हेफिफू!" मला वाटलं, अवघड इंग्रजी असेल. शाळेतून डिक्शनरी आणली, एफ अन् एचची पानं उलटून पाहिली. काही नाही. चिठ्ठीवर उतरवून इंग्रजीच्या सरांकडे नेलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचलं, म्हणाले, "ब्रिटिश असन हे." दोन आठवडे त्यातच गेले. मग वॉर्डनच्या शेजारच्या घरातल्या लोकांशी बोललो. ते म्हणतात, त्याचे दात खोटे, म्हणून बोलणं उमगत नाही. सफारीत सापडलेले सोन्याचे दात तर कधीचे माझ्या पिशवीत पडलेले! नेऊन दिले तसा गडी स्वच्छ बोलायला लागला, वर मोठे दगड ढकलायची 'स्ट्रेंथ' दिली. आमचे आबाजी कवळी काढून बोलले की त्यांचं म्हणणं घरात मीच सांगायचो. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

वरुडहून:
माझा अनुभव अल्टिमा ४ चा. गेम १९८५ चा, मी नोकरी लागल्यावर खेळलो, जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर फुकट मिळतो. इथं बटण दाबून भागत नाही, शब्द टाइप करावा लागतो. नाव, काम, तब्येत हे तीन कोणालाही विचारता येतात. उत्तरात जो शब्द नवा दिसेल तो पुन्हा विचारायचा. एसटी स्टँडवर 'कोन्या गावचे? कोनाचे?' असं सुरू होऊन शेवटी सोयरीक निघते, तसं चालतं. आठ सद्गुणांचे मंत्रही लोकांकडूनच काढायचे: प्रामाणिकपणाचा 'आह्म', करुणेचा 'मू'. मी ते कापसाच्या काटापट्टीमागे लिहिले होते. चुकाऱ्याच्या दिवशी बाबांनी ती घरभर शोधली.
त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. पैसे आपणच मोजून द्यायचे. मी एक नाणं ठेवलं अन् भरपूर माल उचलला. कोणी काही बोललं नाही. पुढे राजवाड्यात हॉकविंडला (आपण सद्गुणांत कुठवर आलो ते सांगणारा) माझा प्रामाणिकपणा विचारला, तेव्हा त्यानं जे सुनावलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. नवा खेळ सुरू केला.

धागाकर्ता:
दारव्हेकर, सरांना नंतर सांगितलं का हो?

दारव्ह्याहून:
नाही बा. ते मागच्या साली रिटायर झाले. ती चिठ्ठी त्यांनी ठेवून घेतली होती, 'पाहून सांगतो' म्हणून.