जुन्या घराच्या तपासणीत बुरशी, पत्रे आणि शिसं निघालं तर

ए-३०४: आम्ही विकत घेतोय त्या जुन्या घराच्या तपासणीचा अहवाल आला. बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी, पडवीवर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं. मालक म्हणतात, ताब्याआधी सगळं करून देतो. हो म्हणू का?

सी-१०२: इतक्यात नको ताई. आधी करारात तपासणीची मुदत कधी संपते ते बघा. तशी अट असेल तर मुदतीत लेखी हरकत देऊन विसार परत मागता येतो. वेळ कमी पडत असेल तर मुदतवाढही लेखीच घ्या, फोनवरचं "घ्या की वेळ" कामाचं नाही.

बी-५०१: "करून देतो" म्हणजे बहुतेकदा बुरशी पुसून वर रंग. ओल आत तशीच राहते आणि पोपडे परत येतात. भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, २ दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतच पाणी ओढतेय. मग पलीकडचं बाथरूम, गच्चीचा उतार तपासायचा.

ए-३०४: आणि पत्रे?

सी-१०२: अखंड पत्र्याचा धोका कमी. तंतू सुटतात ते फोडताना, ड्रिल मारताना. मालकाने घाईत हातोड्याने फोडले तर धूळ तुमच्याच वाट्याला. हे जाणकार माणसानेच करावं: पत्रा ओला करून, न तोडता उतरवायचा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. शिशाच्या रंगालाही कोरडा पॉलिशपेपर लावू नका. घरात लहान मूल असेल तर खिडकीच्या घासणाऱ्या कडा आधी, उघडझाप करताना भुकटी तिथूनच पडते.

बी-५०१: म्हणून या दोन्हींसाठी २-३ लेखी कोटेशन दाखवून किंमत उतरवा, काम तुम्ही करून घ्या. बुरशीचं तसं करू नका, ओलीचं मूळ सापडेपर्यंत खर्चाचा आकडाच कळत नाही. तिथे काही रक्कम वकिलाकडे अडकवून ठेवा, फेरतपासणीत भिंत कोरडी निघाली की सोडायची. हे करारातच लिहून घ्या.

ए-३०४: मागच्या अंगणात जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आलाय, असंही लिहिलंय.

सी-१०२: ताई, हे सगळ्यात आधी बघा. जमिनीत पुरलेल्या तेलाच्या टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा जाण्याची नळी, असू शकतो. टाकी गळून तेल मातीत उतरलं असेल तर सफाईचा खर्च आवाक्याबाहेर जातो, आणि खरेदीनंतर जबाबदारी तुमच्या गळ्यात पडू शकते. मातीचे नमुने तपासल्याशिवाय सही नको. मालक नमुने घेऊ देत नसतील तर मुदतीच्या आत सौदा सोडा.