‘करून दिली’ की ‘-साठी केली’? (स्वाहिलीतून मराठी करताना)

रेवा_दार: दार-एस-सलामला असते. लहान मुलांची एक स्वाहिली गोष्ट मराठीत आणतेय, आणि या वाक्यावर अडलेय: ‘मामा अलिम्पिकिया म्तोतो उजी.’ मामा म्हणजे आई (आपला मामा नव्हे!), म्तोतो म्हणजे मूल, उजी म्हणजे पेज. क्रियापद सोडवलं तर अ-लि-म्-पिक-इ-आ: ती, भूतकाळ, त्याला, शिजव, आणि मग तो ‘इ’, म्हणजे कुणासाठी तरी. शेवटचा ‘आ’ नेहमीचाच. शेजारणीला हे तोंडी म्हणून दाखवताना माझा ‘इ’ गळला. ती हसून लोळायची बाकी. ‘अलिम्पिका म्तोतो’ म्हणजे आईनं पोरालाच शिजवलं!

विसूभाऊ: ‘मुलाला पेज करून दिली’ लिहा. ‘मला भाजी चिरून दे’ म्हणतो आपण, ‘माझ्यासाठी भाजी चिर’ कोण म्हणतं? तुमच्या ‘इ’चं काम आपल्याकडे ‘देणं’ करतं.

रेवा_दार: पण ‘करून दिली’ म्हटलं की वाटी हातात गेली असं वाटतं हो. गोष्टीत पोर अजून शाळेतून आलेलंच नाही.

जुनापाणिनी: मुळात ‘मुलाला’ हे कर्म नव्हेच, संप्रदान आहे, म्हणजे ज्याला द्यायचं तो. द्विकर्मक पाहायचं तर संस्कृतातलं ‘गां दोग्धि पयः’, गाईचं दूध काढतो: गाय आणि दूध दोन्ही कर्मं. ‘अप्रत्यक्ष कर्म’ हे शाळेच्या पुस्तकांनी इंग्रजीवरून उचललेलं पिल्लू.

रेवा_दार: काका, मराठीचं तुम्ही म्हणाल तसं. स्वाहिलीत मात्र मूल चक्क कर्माच्या जागी बसतं. क्रियापदात कर्माला खुर्ची एकच. तिथे माणूस बसला की पेज बाहेर उभी. कर्मणी केलं तरी ‘म्तोतो अलिपिकिवा उजी’, मूलच पुढे येतं. ‘देणं’ तर माणसाला आत घेतल्याशिवाय हलतच नाही: ‘निपे माजी’, मला पाणी दे.

किगालीकर: एकच खुर्ची स्वाहिलीत. आमच्या रवांडाच्या किन्यारवांडा भाषेत दोघं-तिघंही दाटीवाटीनं बसतात.

मिताली: तोच ‘इ’ वस्तूंनाही लागतो ना? ‘किसु चा कुकातिया न्यामा’, मांस कापायची सुरी. आणि उजवा हात म्हणजे ‘म्कोनो वा कुलिया’, जेवायचा हात! ‘कुला’ म्हणजे खाणं, त्याचं कुलिया. पण कुलिया म्हणजे रडणंसुद्धा. नवीन होते तेव्हा ‘चुंबा चा कुलिया’ (जेवायची खोली) ही पाटी वाचून मला वाटलं, रडायला वेगळी खोली?

विसूभाऊ: 😂 आमच्या वाड्यात होती तशी.

कोकणची_माई: रेवाताई, व्याकरण राहू दे. उजी कशाची? पेज तांदळाची. नाचणीची असेल तर आंबील म्हण.

जुनापाणिनी: आंबवली तरच आंबील.

किगालीकर: नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतलीच, माई. आंबील तुमची, दाणा इकडचा.

रेवा_दार: नाचणीची नाही, मक्याच्या पिठाची. पातळ, साखर घालून.

कोकणची_माई: साखर? मग खीर झाली की ती!