मॅन्क्स नॉर्टन धाटणीची ५०० सीसी रेसर बांधायला खरा खर्च किती?

कोव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये राहतो. क्लासिक रेसिंग मोटरसायकल क्लबच्या शर्यतींसाठी फेदरबेड, म्हणजे नॉर्टनच्या दुहेरी नळ्यांच्या फ्रेममधली ५०० सीसी सिंगल (एक सिलिंडर) बांधायची आहे. डोक्यात मॅन्क्स नॉर्टन, म्हणजे नॉर्टनची जुनी रेसिंग गाडी आहे, १९५४ नंतरचं ८६ × ८५.६ मिमीचं (सिलिंडरचा व्यास × पिस्टनचा प्रवास) शॉर्ट स्ट्रोक इंजिन. अस्सल जुनी मॅन्क्स घेऊन ट्रॅकवर आपटायची इच्छा नाही, त्यामुळे सगळे भाग नवे, प्रतिकृतीचे घेणार. घरी लेथ आणि लहान मिलिंग मशीन आहे, वेल्डिंग बाहेरून करून घ्यावं लागेल. बजेट २५ हजार पौंड.

इंजिनाची किंमत सापडते, फ्रेमची सापडते, पण पूर्ण गाडीचा हिशेब कुठे मांडलेला दिसत नाही. एवढ्यात बसेल का? नाही तर कशाला कात्री लावावी? आणि गाडी उभी राहिल्यावर सीझनला किती धरावेत?

सिंगल_पाचशे

नाही बसणार. नवी डबल ओव्हरहेड कॅम (हेडमध्येच दोन कॅमशाफ्ट) मॅन्क्स बांधायची तर ३६ हजारांच्या पुढेच जाल. खालचे आकडे ठोकळमानाने आहेत, व्हॅट धरून. ऑर्डर देण्याआधी प्रत्येकाचं कोटेशन घ्या, आणि त्यात २० टक्के व्हॅट धरलाय की नाही हे आधी विचारा. इंजिनाच्या किमतीत या एका ओळीनेच चार हजारांचा फरक पडतो.

पूर्ण इंजिन २० ते २५ हजार. यात मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर बहुधा नसतात. सेल्फ-जनरेटिंग इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो ७०० ते ९००, दीड इंची अमल जीपी किंवा तत्सम कार्ब ५०० च्या आसपास.

फ्रेम आणि स्विंग आर्म २,५०० ते ३,५००. रेनॉल्ड्स ५३१ किंवा टी४५ नळी, ब्राँझ वेल्डिंगचे जोड. फोर्क आणि योक १,५०० ते २,०००. मागचे शॉक ३५० ते ५००. पुढचा फोर लीडिंग शू (चार शूंचा ड्रम ब्रेक) हब १,५०० ते २,२००, मागचा कोनिकल हब ६०० ते ९००, दोन्ही अलॉय रिम, स्टेनलेस स्पोक आणि चाक बांधायची मजुरी मिळून आणखी ६००. टायर ३००.

पाच स्पीड गिअरबॉक्स २,५०० ते ३,५००. बेल्ट प्रायमरी (इंजिन ते गिअरबॉक्सचा पट्टा) आणि ड्राय क्लच ९०० ते १,२००. पेट्रोल टाकी, ऑइल टाकी, सीट, फेअरिंग १,८०० ते २,५००. एक्झॉस्ट ४०० ते ६००. क्लिप-ऑन हँडल, फूटरेस्ट, लिव्हर, केबल ६०० ते ८००. इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर दीडशे.

इथवर सगळे लिहून काढतात. पुढचा आकडा मात्र कुणी लिहीत नाही: नट-बोल्ट, स्पेसर, एक्सल, बँजो (तेलनळीचे जोड), होस, इंजिन प्लेट, पावडर कोटिंग, प्लेटिंग, लॉकवायर, ब्रीदरमधून येणारं तेल धरणारा कॅच टँक. याचे दीड ते दोन हजार सहज होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. त्यात ब्रिटिश गाडीवर आटे एका जातीचे नसतात. २६ टीपीआयचे (इंचाला २६ आटे) सायकल थ्रेड, बीएसएफ, व्हिटवर्थ आणि प्रतिकृतीवाल्याने मध्येच घुसवलेले मेट्रिक. टॅप-डायचा सेट आधी घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात मॅग्नेशियम केसिंगचे आटे खाल्ले जातील.

बेरीज करून पाहा. इंजिन सोडून १६ ते २२ हजार. म्हणजे तुमचं बजेट बिनइंजिनाच्या गाडीचं आहे.

टॅपेट

वरचे आकडे पटतात. फक्त "मॅन्क्स नाही तर काहीच नाही" असं समजू नका. फेदरबेड चॅसी तीच ठेवून इंजिन बदला, २५ हजारांत चांगली गाडी होते.

पहिला पर्याय बीएसए गोल्ड स्टार. त्याचं डीबीडी३४ मॉडेल म्हणजे ८५ × ८८ मिमी, पुशरॉड (कॅम खाली, दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं). इंजिन नीट बांधून ६ ते ९ हजारांत होतं. सिलिंडर, हेड, पिस्टन, कॉनरॉड सगळं नवं मिळतं. फेदरबेडमध्ये बसवायला ८ मिमीच्या ६०८२-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेट कापा, मिलिंग मशीन आहेच तुमच्याकडे. गोल्ड स्टारचा आरआरटी२ रेसिंग गिअरबॉक्स मिळाला तर मोह होईल, पण त्याचा पहिला गिअर इतका उंच आहे की स्टार्टला क्लच जळतो. नव्या पाच स्पीडचे पैसे इथेही धराच. जुन्या क्रँककेसमध्ये ड्राइव्ह बाजूच्या मेन बेअरिंगभोवती आणि सिलिंडरच्या बुडाशी तडे शोधा. तडे दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंटची बाटली स्वस्त आहे, केसिंग नाही.

दुसरा पर्याय ट्रायम्फची युनिट ५०० ट्विन (दोन सिलिंडर), ६९ × ६५.५ मिमी. रेससाठी तयार इंजिन ५ ते ७ हजार. गिअरबॉक्स त्याच केसिंगमध्ये असल्याने वेगळ्या गिअरबॉक्सचे आणि प्रायमरी जुळवायचे पैसे वाचतात, वजनही कमी. या इंजिनाला फेदरबेड हवीच असंही नाही. "पण ती मॅन्क्ससारखी दिसत नाही" असं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. ट्विन म्हणजे कमअस्सल असंही नाही. आइल ऑफ मॅनच्या १९६१ च्या सीनियर टीटी शर्यतीत माइक हेलवुड मॅन्क्सवर जिंकला, तेव्हा टॉम फिलिस नॉर्टनच्याच पुशरॉड ट्विनवर, म्हणजे डॉमिरेसरवर, तिसरा आला होता आणि त्याने ताशी १०० मैलांच्या वरचा लॅपही मारला होता.

मॅचलेस जी५० कडे जाऊ नका. ९० × ७८ मिमी, सिंगल ओव्हरहेड कॅम, चेनने चालणारा. मॅन्क्सच्या बेव्हल गिअरने चालणाऱ्या कॅमपेक्षा सांभाळायला सोपा, पण नव्या प्रतिकृतीचा दर मॅन्क्सच्याच पंक्तीतला.

आणि काहीही विकत घेण्याआधी क्लबच्या पात्रता अधिकाऱ्याला यादी पाठवा. कुठल्या वर्षाच्या गटात किती गिअर चालतात, कुठला ब्रेक चालतो, हे नियमपुस्तकात आहे. गाडी बांधून झाल्यावर सहा स्पीड बॉक्स अपात्र ठरला तर अडीच-तीन हजार कपाटात.

भोसरी_लेथ

पुण्याहून लिहितोय. दोन शंका. बुलेट ५०० चं इंजिन का नको? ८४ × ९० मिमी, शेवटी डिझाइन ब्रिटिशच, आणि इथे सुटे भाग पैशाला पासरी. दुसरं, प्लेट, स्पेसर, फूटरेस्ट हँगर, अ‍ॅल्युमिनियमची टाकी हे इथल्या वर्कशॉपमध्ये करून पाठवलं तर खर्च बराच खाली येईल ना?

सिंगल_पाचशे

बुलेटचं इंजिन स्वस्त मिळेल, रेसला उभं करणं स्वस्त नाही. मद्रासच्या जुन्या इंजिनात बिग एंडला (कॉनरॉडच्या क्रँककडच्या टोकाला) रोलर नाही, तरंगता बुश आहे. ५,५०० आरपीएमच्या पुढे सतत पळवायचं तर रोलर बिग एंड, नवा कॉनरॉड, हलका पिस्टन, क्रँकचं बॅलन्सिंग, तेलपंप हे सगळं बदलावं लागतं. चार स्पीड अल्बियन गिअरबॉक्स तो भार फार दिवस घेत नाही. एवढं करूनही गोल्ड स्टारच्या मागेच राहाल. शिवाय भारतात नंतर बनलेले भाग जुन्या गटात बसतात का, हा वाद तांत्रिक तपासणीच्या टेबलावर घालण्यात अर्थ नाही.

भाग करून पाठवायची कल्पना मात्र चांगली आहे. इंजिन प्लेट, स्पेसर, हँगर, ब्रेक टॉर्क आर्मची ब्रॅकेट, चेनगार्ड हे बिनधास्त करा. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहा, "बेअरिंगला घट्ट बसेल असं" लिहू नका. एक्सल, स्टीअरिंग स्टेम, क्रँकपिन, हब हे मटेरियलच्या सर्टिफिकेटशिवाय आणि हीट ट्रीटमेंटच्या कागदाशिवाय कुणाकडूनही घेऊ नका, मग तो भोसरीचा असो की बर्मिंगहॅमचा. इंग्लंडात माल उतरला की ड्युटी आणि वाहतूक धरलेल्या किमतीवर व्हॅट बसतो, तो कोष्टकात टाका.

टाकी अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. जुनी फायबरग्लासची टाकी स्वस्तात दिसेल, घेऊ नका. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, आणि इथेनॉल जुनं रेझिन विरघळवतं. तो चिकट रस कार्बमध्ये उतरतो, जेट बुजतात, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टनला भोक पडतं. टाकीत वाचलेले तीनशे पौंड असे परत जातात.

बेव्हल

सीझनच्या खर्चाबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरं तर घोडं तिथेच पेंड खातं.

एसीयूचा (ब्रिटिश मोटरसायकल शर्यतींची संघटना) परवाना, नवख्यांचं प्रशिक्षण, क्लबची फी, एका वीकेंडची प्रवेश फी साधारण २५० ते ३५०, त्यावर व्हॅनचं डिझेल. सहा वीकेंड धरले तर दोन-अडीच हजार पौंड गाडीला पाना न लावता जातात. टायरचा एक जोड, दोन चेन, निरनिराळ्या ट्रॅकसाठी मागचे तीन-चार स्प्रॉकेट, तेल, प्लग हे आणखी ८०० ते १,०००.

इंजिनाचा निधी वेगळा ठेवा. पुशरॉड सिंगलसाठी वर्षाला किमान दीड हजार, मॅन्क्ससाठी त्याच्या दुप्पट. इंजिनं फुटतात ती बहुतेक चुकलेल्या गिअरने. आरपीएम उसळतो, व्हॉल्व्ह तरंगतो (वेळेत बंद होत नाही), पिस्टनला टेकतो, डोकं तुटून आत पडतं आणि हेड, पिस्टन, लाइनर, कॉनरॉड सगळं एका झटक्यात जातं. म्हणून बांधतानाच पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मऊ खेळण्याची माती) लावून व्हॉल्व्हपर्यंतचं अंतर मोजा: इनटेकला दीड मिमी, एक्झॉस्टला दोन मिमी, याच्या खाली जाऊ नका. मोठे व्हॉल्व्ह असतील तर ओव्हरलॅपला (दोन्ही थोडे उघडे असताना) दोन व्हॉल्व्ह एकमेकांजवळून किती अंतराने जातात तेही पाहा. दर हिवाळ्यात स्प्रिंगचा दाब मोजा, दहा टक्के उतरला की बदला. मग रेव्ह लिमिटर असलेलं इग्निशन घ्या. शंभर-दीडशे पौंड जास्त लागतात, गाडीवरचा याहून शहाणा खर्च मला माहीत नाही.

बेल्ट प्रायमरी थंड असताना ढिला दिसला पाहिजे. वरच्या फेऱ्याच्या मध्यावर बोटाने दाबला तर १० मिमी तरी हलावा. अ‍ॅल्युमिनियमच्या पुली तापून फुगतात. थंडीतच ताणून बसवला तर गरम झाल्यावर तो गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट वाकवायला लागतो आणि आधी बेअरिंग जातं. बेल्ट एका कडेला सरकून घासत असेल तर बेल्ट बदलू नका, बॉक्स तिरका बसलाय. शाफ्ट समांतर करा.

एरंडेलाचं रेसिंग तेल वापरणार असाल तर मिनरलमध्ये मिसळू नका, दोन्ही मिळून येत नाहीत. आधी मिनरल असेल तर टाकी, नळ्या, फिल्टर पूर्ण धुवा. आणि एरंडेल भरलेली गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर आत गोंद होतो. सीझन संपला की काढून टाका.

कोव्हेंट्रीकर

मनापासून आभार. गोल्ड स्टार इंजिन, फेदरबेड चॅसी, नवा पाच स्पीड बॉक्स असं ठरवतोय. खालच्या टोकाने बेरीज २३ हजारांवर येते, म्हणजे इंजिनाच्या निधीसाठी दीड-दोन हजार बाजूला राहतात. फोर लीडिंग शू हब सुटा घेऊन चाक स्वतः बांधावं का? ड्रम नवाच आहे, तरी एकाने सांगितलं की तो पुन्हा लेथवर लावावा लागतो.

बेव्हल

बरोबर सांगितलं. स्पोक ताणले की ड्रम ओढला जातो आणि गोल राहत नाही. डायल गेजने ०.१ मिमीचं लंबवर्तुळ सहज दिसतं, आणि लिव्हर हाताखाली धडधडते. क्रम असा ठेवा: आधी रिम बांधून स्पोक पूर्ण ताणावर आणा, टायर चढवायच्या आत पूर्ण चाक मोठ्या लेथवर लावून ड्रम हलक्या हाताने साफ करा, मग मिळालेल्या व्यासाला लायनिंग घासून घ्या. लायनिंग व्यासापेक्षा किंचित लहान ठेवा, म्हणजे पहिला टेका मध्यावर येतो, टोकांवर नाही. टोक आधी टेकलं तर ब्रेक झडप घातल्यासारखा पकडतो, ओल्या ट्रॅकवर हे धोक्याचं आहे.

चाक बांधणं स्वतः केलंत तरी चालेल, पण १८ इंची चाक फिरेल एवढा स्विंग घरच्या लेथला नसतो. ड्रम आणि लायनिंगचं काम ब्रेकवाल्याकडे एकत्रच द्या, १५० ते २०० पौंड. चार शूंच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या एकाच वेळी टेकतात का हे मात्र स्वतः पाहा. एका बाजूची लिंक सोडा, दुसरी बाजू हलकेच लागेपर्यंत लिव्हर दाबून धरा, आणि मग सोडलेली लिंक त्याच ठिकाणी आणून लॉकनट आवळा. पहिल्या सरावानंतर लायनिंग बसतं, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं.