होडीवरची बॅटरी: आठवड्यात एकच दिवस वापर असेल तर लिथियम घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

आमची १८ फुटी फायबरची शिडाची होडी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला असते. धाकटा भाऊ आणि मी रविवारी ती काढतो, कधी शनिवारी रात्री तिच्यातच मुक्काम. पेट्रोलचं इंजिन लावायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, कारण हेच पाणी नाशिकच्या नळांना येतं. म्हणून वारा पडला की काठाला लागण्यापुरती १२ व्होल्टची विजेवरची छोटी मोटर बसवतोय.

मोटर पूर्ण वेगात ३० अँपिअर घेते. तासभर चालली तर ३६० वॉट-तास. दिवे, पंखा, दोन मोबाईल आणि तळातलं पाणी उपसणारा पंप मिळून आणखी १४०. म्हणजे एकूण ५००. उन्हाच्या दिवसांत १०० वॉटचं पॅनेल रोज साधारण ३५० देईल, डोलकाठीची सावली टाळली तर. खर्च मंगळवारपर्यंत भरून निघतो, त्यामुळे पॅनेलची काळजी नाही.

अडलंय बॅटरीवर. दुकानदाराने घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी, सुचवली. ती मला अजिबात पटत नाही. वजन ५० किलोच्या वर, आणि वाऱ्यात होडी २०-२५ अंश कलली की झाकणांतून ॲसिड बाहेर यायची भीती. बंद प्रकारची १०० एएच (अँपिअर-तास) लेड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे १२०० पैकी ६०० वॉट-तास, आणि ३० अँपिअर ओढताना तेवढंही हाती लागत नाही. लिथियम फॉस्फेटची १०० एएच घेतली तर हजारभर वॉट-तास बिनधास्त मिळतात, वजनही निम्म्याहून कमी.

पण लेड बॅटरीला भरलेलं राहणं मानवतं, लिथियमला नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, बंद कप्प्यात, ती मंगळवार ते शनिवार काठोकाठ भरून बसणार. पॅनेल आणि बॅटरीमधल्या कंट्रोलरचं चार्जिंग १४.४ ऐवजी १३.८ व्होल्टवर ठेवून काही फरक पडतो का? की पॅनेलच बंद करून निघावं? तसं केलं तर पावसाळ्यात पंपाचं काय, तो आठवडाभर जिवंत हवाच. पंपासाठी वेगळी छोटी लेड बॅटरी आणि २० वॉटचं स्वतंत्र पॅनेल, असा विचार मनात आहे. कुणी असं दुहेरी केलंय का?

वायरिंगबद्दल आता तडजोड नाही. मागच्या पावसाळ्यात पंपाची वायर फ्यूजशिवाय थेट जोडलेली होती. घासून आवरण गेलं, वायर तापून वितळली. आम्ही होडीवर होतो म्हणून निभावलं. या वेळी बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, आणि मोटरला चार मीटरसाठी १६ चौरस मिमीची कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर. ही वायर नाशिकमध्ये सुटी कुठे मिळते? मला सगळीकडे साधी तांब्याचीच दाखवतात.

येत्या रविवारी कप्प्याचं माप घेऊन इथे टाकतो. तोवर ज्यांनी होडीवर, किंवा शेतावरच्या खोपटात का होईना, लिथियम दोन उन्हाळे वापरलीय त्यांनी जरूर लिहा.